फलाटावरची पिवळी वाट

स्टेशनवर गेलात म्हणजे एकदा खाली जमिनीकडे पाहा. पुष्कळ स्टेशनांवर फलाटाच्या कडेपासून थोड्या अंतरावर पिवळ्या फरशांची एक पट्टी लांबवर गेलेली दिसेल. काही ठिकाणी ही पट्टी दारापासून निघते, तिकिटाच्या खिडकीपर्यंत जाते आणि तिथून जिन्याला मिळते. या फरशा गुळगुळीत नसतात. काहींवर लांबट उंचवटे असतात, काहींवर गोल टिकल्या. पाय घसरू नये म्हणून त्या बसवल्या असाव्यात, असे पुष्कळांना वाटते. म्हणून कोणी तिथे बोचके टेकवतो, कोणी पथारी पसरतो, कोणी ट्रंकेवर बसून भाकरी सोडतो.

मंडळी, ती अंध माणसाची वाट आहे. डोळ्यांनी दिसत नाही त्याने पायाने आणि काठीने वाचावी, अशी ती लिपी आहे. तुम्ही सर्व बाराखडी शिकलात. या लिपीत तर दोनच अक्षरे आहेत.

लांबट उंचवटे म्हणजे ‘या दिशेने चालत राहा.’ गोल टिकल्या म्हणजे ‘थांबा, पुढे काहीतरी आहे.’ जिन्याच्या पहिल्या पायरीआधी टिकल्या असतात. वाट वळते तिथे टिकल्या असतात. फलाटाच्या कडेआधी टिकल्या असतात. झाली लिपी शिकून!

आता रंग पिवळाच का? अंध म्हटले की त्याला सगळा काळोखच दिसतो, अशी आपली समजूत असते. ती खरी नव्हे. पुष्कळांना अंधुक दिसते. उजेड आणि सावली कळते, ठळक रंग कळतो. काळपट फलाटावर पिवळा पट्टा अशा माणसाला उठून दिसतो.

ही युक्ती जपान देशातली. ओकायामा नावाच्या शहरात सेइइची मियाके नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्या एका मित्राची दृष्टी जाऊ लागली. त्याच्यासाठी काही करावे म्हणून त्यांनी १९६५ साली अशी फरशी तयार केली. १८ मार्च १९६७ रोजी ओकायामाच्या अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसली. रेल्वेच्या फलाटावर ती १९७० साली आली, ओसाकाकडच्या अबिकोचो या स्टेशनात. पण सगळीकडे ती लगेच पोहोचली नाही. १९७३ साली तोकियो शहरातल्या ताकादानोबाबा स्टेशनात एक अंध प्रवासी फलाटावरून खाली पडला आणि गाडीखाली सापडून मेला. त्या फलाटावर अशा फरशा नव्हत्या. घरच्यांनी रेल्वेवर दावा लावला. तो खटला गाजला आणि फरशा का हव्यात हे लोकांच्या ध्यानात आले. एका माणसाचा जीव गेल्यावर, असेच म्हणावे लागेल.

जपानातले अंध लोक फलाटाला ‘कठडा नसलेला पूल’ म्हणतात. किती नेमके नाव आहे! ओढ्यावरच्या अरुंद साकवावरून आपण दिवसाउजेडी जपून जातो. फलाट हा तसाच साकव. एका बाजूला खोल रूळ, पुष्कळदा दोन्ही बाजूंना, आणि वर गर्दीचे धक्के.

मग अंध माणूस या साकवावरून चालतो तरी कसा? त्याला काही सहावे इंद्रिय नसते. आहेत तीच इंद्रिये तो नीट कामाला लावतो. काठीने पुढच्या दोन पावलांची जमीन तपासतो. पांढऱ्या काठीची चाल इंग्लंडातल्या ब्रिस्टल शहरात १९२१ साली सुरू झाली असे सांगतात. पांढरी अशासाठी की रस्त्यावरच्या इतरांना लांबून दिसावी. काठीच्या जोडीला कान. पावलांचा आवाज जिथे घुमतो तिथे वर पूल आहे. जिथे आवाज मोकळा होतो तिथे छप्पर संपले. नाकही कामाला येते. वड्याचा वास आला म्हणजे खाण्याचा स्टॉल, म्हणजे जिना जवळ आला. रोजच्या स्टेशनाचा असा सगळा नकाशा त्याच्या डोक्यात तयार असतो.

आता त्यातली एकेक खूण कशी मोडते ते पाहा. पावसाळ्यात पत्र्याच्या छपरावर सरी कोसळू लागल्या की कान गेले. त्या वेळी गाडी कोणत्या रुळावर येते आहे ते त्याला कळत नाही. स्टॉल दुसरीकडे हलवला की नाकाची खूण गेली. फलाटावर खोदकाम काढले आणि भोवती नुसता सुतळीचा दोरा बांधला, तर काठी दोऱ्याखालून जाते आणि माणूस खड्ड्यात. आणि ऐन वेळी गाडीचा फलाट बदलला, तर धावणाऱ्या गर्दीत त्याचे सगळेच जाते. तुम्हीआम्ही पाटी पाहून पळतो. त्याला पाटी नाही. भोंग्यावरची सूचना हीच त्याची पाटी. म्हणून सूचना चालू असताना त्याच्या कानाशी मोठ्याने फोन वाजवणे म्हणजे दुसऱ्याची पाटी पुसण्यासारखे आहे.

आणखी एक धोका डोळसांच्या लक्षात येत नाही. गाडी उभी राहिली की अंध माणूस काठीने डब्याची बाजू चाचपतो. जिथे पोकळी लागेल ते दार. पण दोन डब्यांच्या मधेही पोकळीच असते. तिला दार समजून पाऊल टाकले तर माणूस सरळ रुळांवर जातो. म्हणून पोकळी लागली तरी आधी काठीने आत तळ आहे का ते पाहायचे आणि दाराची दांडी हाताला लागली तरच चढायचे. पण मागून लोंढा ढकलत असेल तर हे सगळे करायला त्याला सवड कोण देतो?

एके दिवशी वर्गात एका हमालभाऊंनी मला विचारले, “गुरुजी, एवढा धोका आहे तर अंध माणसाने एकट्याने यावेच कशाला? घरचे कोणी बरोबर का येत नाही?”

प्रश्न सरळ मनाने विचारला होता. पुष्कळांच्या मनात तो असतो, म्हणून उत्तर इथे लिहून ठेवतो. तो रोज कामाला जातो. कोणी बँकेत आहे, कोणी शाळेत शिकवतो, कोणी गाडीत पिना, कंगवे, पेन विकतो. त्याच्याबरोबर रोज एक माणूस जायचा म्हटले तर त्या माणसाने आपले पोट कधी भरायचे? आणि कित्येक घरांत नवराबायको दोघेही अंध असतात. तिथे कोणी कोणाला न्यायचे?

मध्य रेल्वेवर कल्याणहून कर्जतला जाताना वांगणी स्टेशन लागते. मुंबईच्या मानाने तिथे घरभाडे कमी, म्हणून पुष्कळ अंध कुटुंबे त्या गावी राहायला आली. १७ एप्रिल २०२१ रोजी वांगणीच्या फलाटावरून एक अंध आई आपल्या लहान मुलाला घेऊन चालली होती. चालता चालता मूल कडेला गेले आणि खाली रुळांवर पडले. त्याच रुळांवरून उद्यान एक्स्प्रेस भरधाव येत होती. आई फलाटाच्या कडेशी हातांनी चाचपू लागली. गाडीचा आवाज तिला ऐकू आलाच असेल. मूल नेमके कुठे आहे ते मात्र हाताला लागेना. स्टेशनवर मयूर शेळके नावाचे पॉइंट्समन कामावर होते. पॉइंट्समन म्हणजे गाड्यांना निशाण दाखवणे, सांधे पाहणे अशी कामे करणारा रेल्वेचा नोकर. शेळके रुळांवरून गाडीच्या दिशेने धावले. त्यांनी मुलाला उचलून फलाटावर घातले आणि स्वतः वर चढले. पुढच्या क्षणी गाडी तिथून निघून गेली. हे सगळे स्टेशनच्या कॅमेऱ्यात उतरले आणि साऱ्या देशाने पाहिले. रेल्वे खात्याने शेळके यांना ५०,००० रुपये बक्षीस दिले. त्यांतले निम्मे आपण त्या मुलासाठी देऊ असे त्यांनी सांगितले.

अशा माणसाला नमस्कारच केला पाहिजे. पण मला राहून राहून वाटते, की शेळके त्या वेळी दुसऱ्या टोकाला असते तर? दर फलाटावर दर वेळी असा माणूस उभा असणार नाही. कड जवळ आली हे पायालाच कळले पाहिजे, आणि ते सांगणारी फरशी मोकळी पाहिजे.

नव्या मेट्रोत याहून पक्का बंदोबस्त असतो. मुंबईत २०२४ साली सुरू झालेल्या भुयारी मेट्रोच्या फलाटांना कडेने काचेच्या भिंती आणि दारे आहेत. गाडी येऊन उभी राहिल्यावरच ती उघडतात. तिथे रुळांवर पडायची भीती नाही. आपल्या नेहमीच्या स्टेशनांत हे करणे अवघड, कारण एकाच फलाटाला लोकल, मेल, एक्स्प्रेस अशा नाना गाड्या लागतात आणि प्रत्येकीची दारे वेगळ्या जागी येतात. म्हणून आपल्याकडे फरशीवरच भिस्त.

आता पोलीस बंदोबस्ताकडे वळू. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. २६ नोव्हेंबर २००८ रोजी अतिरेक्यांनी मुंबईच्या मोठ्या टर्मिनसवर, ज्याला आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात तिथे, गोळीबार केला. तेव्हापासून मोठ्या स्टेशनांच्या दारांत धातू ओळखणाऱ्या चौकटी आल्या, पिशव्या तपासण्याची यंत्रे आली, कॅमेरे वाढले. हे हवेच. याबद्दल वाद नाही.

पण चौकट नेमकी पिवळ्या पट्टीवर आडवी उभी केली तर अंध माणसाची वाट दारातच तुटते. ती हातभर बाजूला सरकवायला काही खर्च येत नाही. दुसरे असे, की घडीची पांढरी काठी बहुधा ॲल्युमिनियमची असते, म्हणून चौकट वाजते. अशा वेळी शिपायाने न बोलता काठी ओढून घेऊ नये. तिच्याबरोबर त्या माणसाचे डोळेच काढून घेतल्यासारखे होते. “मी पोलीस आहे, आपली काठी तपासतो,” असे आधी सांगावे, आणि तपासून झाली की पुन्हा हातात द्यावी. पिशवीचेही तसेच. पिशवी यंत्राच्या एका तोंडातून आत जाते, दुसऱ्या तोंडातून बाहेर येते. मधल्या वेळात ती कोणी उचलली तर अंध माणसाला कळणार कसे? त्याने शिपायाला स्पष्ट सांगावे, “माझी पिशवी माझ्या हातात द्या.” हे सांगण्यात संकोच नको.

आणि समोरचा माणूस पोलीस आहे हे तरी अंधाने कशावरून ओळखावे? त्याला वर्दी दिसत नाही. “मी साहेब आहे, तिकीट दाखव, पैसे काढ,” असे कोणीही भामटा म्हणू शकतो. अशा वेळी नाव आणि हुद्दा विचारावा आणि “स्टेशन मास्तरांच्या खोलीत चला, तिथे दाखवतो,” असे म्हणावे. खरा नोकर असेल तर तो चिडणार नाही. भामटा असेल तर पसार होईल.

स्टेशनवर दोन प्रकारचे पोलीस असतात, हेही माहीत असावे. रेल्वे सुरक्षा दल हे केंद्र सरकारच्या रेल्वे खात्याचे. लोहमार्ग पोलीस हे आपल्या राज्याचे. चोरी, मारहाण, छेडछाड झाली तर फिर्याद लोहमार्ग पोलीस घेतात. लिहिलेली फिर्याद वाचून दाखवलीच पाहिजे आणि तिची प्रत फुकट दिली पाहिजे, असा कायदा आहे. वाचून दाखवल्याशिवाय सही किंवा अंगठा करू नये. हे अंधांना जितके लागू आहे तितकेच अजून वाचायला न शिकलेल्यांना. कोणतीही मदत लागली तर १३९ या नंबरावर फोन करता येतो.

गाडीत माल विकणारे अंध बांधव पोलिसांना फोन करायला बिचकतात, हे मी ऐकून आहे. परवान्यावाचून गाडीत माल विकणे कायद्याला मंजूर नाही. त्यामुळे ज्या वर्दीने त्यांना सांभाळायचे तिचीच त्यांना भीती. पाकीट मारले गेले तरी ते गप्प बसतात, आणि खिसेकापूंना हे चांगले ठाऊक असते. यावर माझ्याकडे सोपे उत्तर नाही. पण फिर्याद द्यायला आलेल्या माणसाला आधी धंद्याबद्दल दरडावू नये, एवढे तरी करता येईल.

प्रवासाच्या सवलती थोडक्यात सांगतो. पूर्ण अंध प्रवाशाला दुसरा वर्ग, स्लीपर, तीन टियरचा एसी आणि एसी चेअर कार यांच्या भाड्यात रुपयामागे बारा आणे माफ, म्हणजे शंभरातले पंचाहत्तर. पहिल्या आणि दुसऱ्या एसीत निम्मे भाडे. महिन्याचा पासही निम्म्यात. बरोबर एक सोबती असेल तर त्यालाही तीच सवलत मिळते. त्यासाठी दाखला लागतो. रेल्वेकडून फोटोचे ओळखपत्रही काढून घेता येते. राजधानी, शताब्दी अशा गाड्यांचा हिशेब वेगळा आहे, तो खिडकीवर विचारावा.

लांबच्या पुष्कळ गाड्यांत अपंगांची खोली गार्डाच्या डब्याला लागून, म्हणजे गाडीच्या टोकाला असते. (गार्डाला रेल्वे २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणते. लोक अजून गार्डच म्हणतात.) मुंबईच्या लोकलमध्येही अपंगांचे वेगळे डबे असतात. तो डबा जिथे थांबतो तिथे पुष्कळ स्टेशनांवर बारीक आवाज करणारे एक यंत्र बसवले आहे. तो आवाज ऐकून अंध माणूस बरोबर जागी उभा राहतो. आणि मग गाडी येते तेव्हा त्या डब्यात आधीच धडधाकट माणसे कोंबलेली! डबा मोकळा दिसला म्हणून त्यात चढू नका. तो मोकळा नसतो, कोणासाठी तरी ठेवलेला असतो. पकडले गेल्यास दंड होतो, ही गोष्ट वेगळी.

सोय मनावर घेतली तर होते. म्हैसूर स्टेशनवर २०१५ साली अनुप्रयास नावाच्या संस्थेने ब्रेल लिपीतले नकाशे आणि पाट्या बसवल्या. ब्रेल म्हणजे सहा उठावदार ठिपक्यांची, बोटांनी वाचायची लिपी. फ्रान्समधल्या लुई ब्रेल या मुलाने १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी ती तयार केली. तो स्वतः अंध होता. आपली मराठीही तिच्यात लिहितात. नव्या डब्यांत आसनांचे नंबर ब्रेलमध्येही असतात. मात्र ज्याची दृष्टी चाळिशी-पन्नाशीत गेली, त्याला ब्रेल येत असतेच असे नाही. त्यालाही तुमच्यासारखे मोठेपणी अक्षरओळख करून घ्यावी लागते. म्हणून पाटी ब्रेलमध्ये लावली, आता भोंगा नको, असे म्हणून चालत नाही.

तुम्ही स्वतः मदत कराल ती कशी करावी? पाठीमागून दंड धरून ढकलत नेऊ नका. काठी ओढू नका. आधी बोला: “नमस्कार, मी इथलाच प्रवासी. आपल्याला कुठे जायचे आहे? हात देऊ का?” नको म्हणाले तर राग मानू नका, त्यांना वाट ठाऊक असेल. हो म्हणाले तर तुमचे कोपर त्यांच्या हाताला लावा. ते धरतील. तुम्ही अर्धे पाऊल पुढे चाला. तुमचे अंग वळले की त्यांना वळण कळते, तुम्ही थांबला की थांबणे कळते. जिना आला की क्षणभर थांबून सांगा, “चढायचा आहे,” किंवा “उतरायचा आहे.” ‘इकडे’, ‘तिकडे’ हे शब्द इथे कुचकामी. “उजव्या हाताला, दहा पावलांवर,” असे बोला. गाडीशी आला की त्यांचा हात दाराच्या दांडीवर ठेवा आणि फट किती आहे, पायरी उंच आहे की खाली, ते सांगा. चढायचे काम ते करतील. आणि निघताना “येतो हं,” असे म्हणून निघा. नाहीतर ते बिचारे हवेशीच बोलत राहतात. फलाटाच्या मधोमध सोडून जाऊ नका. भिंत, खांब किंवा बाकडे हाताला लागेल असे सोडा.

हाक कशी मारावी? ‘ए सूरदास’ असे पुष्कळजण सहज म्हणून जातात. म्हणणाऱ्याला ते गोड वाटते, ऐकणाऱ्याला वाटतेच असे नाही. वयाप्रमाणे दादा, ताई, काका, मावशी म्हणावे, जसे कोणालाही म्हणतो तसे.

शेवटी कायद्याचे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. रेल्वे स्टेशने त्यांना वापरता येतील अशी ठेवणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे त्यात आहे. राजीव रतुरी नावाच्या एका अंध गृहस्थांनी याच मागणीसाठी २००५ साली सुप्रीम कोर्टात अर्ज केला होता. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी कोर्टाने सांगितले की सोयींचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवून भागणार नाही, पाळलेच पाहिजेत असे नियम सरकारने करावेत. अर्ज केल्यापासून एकोणीस वर्षे झाली होती.

तुम्हीही अर्ज करू शकता. आता लिहिता येते ना? आपल्या स्टेशनवर फरशी फुटली असेल, पट्टीवर सामानाची रास असेल, भोंगा बंद असेल, तर खालीलप्रमाणे लिहा. दोन प्रती करा. एक द्या, दुसरीवर पोहोच म्हणून सही-शिक्का घ्या.

तारीख ..........

मा. स्टेशन मास्तर साहेब,
.......... स्टेशन, यांस

विषय : फलाट क्रमांक ..... वरील पिवळी पट्टी मोकळी करण्याबाबत.

महोदय,

मी .......... येथे राहणारा/राहणारी आहे. मी आपल्या स्टेशनवरून नेहमी प्रवास करतो/करते. फलाट क्रमांक ..... वर जिन्याजवळ पिवळ्या पट्टीवर पार्सलांचे गठ्ठे ठेवलेले असतात. पट्टीच्या ..... फरशाही निघाल्या आहेत. अंध प्रवाशांना त्यामुळे कडेच्या बाजूने जावे लागते. दिनांक ..... रोजी सकाळी ..... वाजता मी हे स्वतः पाहिले आहे.

तरी गठ्ठे हलवून फरशा बसवून घ्याव्यात आणि काय केले ते मला लेखी कळवावे, ही विनंती.

आपला/आपली,
(सही) ..........
पत्ता ..........